धाक, आदर आणि शिक्षकाचा हात

मुलाचे नाव मकतबमध्ये घालताना काही पालक आजही एक जुने वाक्य उच्चारतात, "मौलाना, मांस तुमचे, हाडे आमची." बोलणाऱ्याच्या मनात क्रौर्य मुळीच नसते. आपले लेकरू आपण पूर्ण विश्वासाने सोपवीत आहोत, ते शिकून शहाणे व्हावे, एवढेच त्याला सांगायचे असते. परंतु त्या शब्दांचा सरळ अर्थ घेतला तर एक पिता आपल्या अपत्याच्या देहातील वाटा दुसऱ्याला बहाल करीत आहे, असा होतो. अपत्य ही अल्लाहने दिलेली अमानत आहे, ती पित्याच्या मालकीची वस्तू नव्हे. ज्या वस्तूचे आपण मालक नाही तिचे दान करता येत नाही, हा नियम आपण जमिनीच्या आणि दागिन्यांच्या व्यवहारात कटाक्षाने पाळतो. मुलाच्या बाबतीत मात्र त्याचा आपल्याला विसर पडतो.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. शिक्षकाची ममता ही त्याच्या स्वभावाची शोभा आहे, की विद्यार्थ्याचा हक्क? शोभा असेल तर ती असल्यास उत्तम, नसल्यास तक्रार करण्याचे कारण नाही. पण तो हक्क असेल, तर त्याची गणना हुकूकुल इबादमध्ये, म्हणजे माणसांच्या परस्परांवरील हक्कांमध्ये होईल. आणि हे हक्क ज्याचे त्याने माफ केल्याखेरीज सुटत नाहीत, अशी आपली शिकवण आहे. त्यातही मुलांची गोष्ट अधिक कठीण आहे. आपले हक्क सोडून देण्याचा अधिकार नाबालिगाला नसल्यामुळे फिक्हच्या दृष्टीने त्याने दिलेली माफी ग्राह्य ठरत नाही. वर्षअखेरीस मिठाई वाटून "बच्चों, माफ करना" असे म्हणणाऱ्या उस्तादाने याचा विचार करावा. दहा वर्षांच्या मुलाच्या गालावर अकारण पडलेला हात ते मूल वयात येऊन स्वतःहून माफ करीपर्यंत हिशेबात तसाच राहतो, आणि तोवर ते मूल कोणत्या शहरात गेलेले असेल, कोणास ठाऊक.

धाक आणि आदर हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. "त्या मौलानांचा मुलांवर चांगला धाक आहे" हे कौतुक म्हणून बोलले जाते. वर्गात शांतता आहे, मुले ओळीने बसली आहेत, माना खाली आहेत, म्हणजे शिक्षण चालू आहे, असे पाहणाऱ्याला वाटते. परंतु मकतबमध्ये शिकविणाऱ्या प्रत्येकाने आणखी एक दृश्य पाहिलेले असेल. एखादा मुलगा बाहेर पायरीवर बसून धाकट्या बहिणीला आपला सबक घडाघडा म्हणून दाखवितो; तोच मुलगा उस्तादासमोर येताच त्याच आयतीवर अडखळतो. त्याची स्मरणशक्ती दोन मिनिटांत कमी झालेली नसते. तिचा अर्धा भाग उस्तादाच्या हाताकडे लक्ष ठेवण्यात गुंतलेला असतो.

इब्ने खलदून (रह.) यांनी आपल्या 'मुकद्दमा' या ग्रंथात, म्हणजे सुमारे साडेसहाशे वर्षांपूर्वी, या विषयावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे. विद्यार्थ्यांवरील कठोरता त्यांना अपायकारक असते, हा त्याचा विषय. त्यांचे निरीक्षण असे की, जो विद्यार्थी जुलूम आणि बळजबरीखाली वाढतो त्याचे मन आक्रसते, त्याचा उत्साह जातो आणि तो आळशी होतो. यापेक्षा गंभीर गोष्ट ते पुढे सांगतात. असा विद्यार्थी खोटे बोलू लागतो. उगारलेल्या हातापासून वाचण्यासाठी तो मनातल्यापेक्षा वेगळे दाखवितो, आणि ही युक्ती हळूहळू त्याचा स्वभाव बनते. ज्या संस्थेत आपण मुलाला सत्य बोलण्याचे धडे देतो, तिथेच तो लबाडी शिकून बाहेर पडतो. इब्ने खलदून तेथेही थांबत नाहीत. जुलमाखाली दबलेल्या कौमांचेही असेच होते, असे ते म्हणतात. वर्ग आणि समाज यांच्यामधील हा धागा त्यांनी पाहिला, ही त्या ग्रंथातील मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आहे.

धार्मिक शिक्षणात या तोट्याला आणखी एक खोल तोटा येऊन मिळतो. गणिताच्या तासाला मार खाल्लेला मुलगा मोठेपणी गणित टाळील. त्याचे नुकसान होईल, पण त्यावाचून त्याचे आयुष्य अडणार नाही. कुरआन समोर ठेवून ज्याला मारले जाते, त्याच्या मनात मात्र अल्लाहच्या वाणीचा आवाज आणि पाठीवरील वळ एकत्र साठविले जातात. बारा-तेराव्या वर्षी मकतब सुटले की अशी कित्येक मुले मुसहफ पुन्हा उघडत नाहीत. आपण मग मोबाईलला दोष देतो, जमान्याला दोष देतो. सूरह आले इमरानमध्ये खुद्द प्रेषित मुहम्मद (सल्ल.) यांना उद्देशून जे सांगितले गेले त्याचा आशय असा आहे की, आपण या लोकांशी मृदू आहात ही अल्लाहची कृपा होय, आपण कठोर आणि पाषाणहृदयी असता तर हे लोक आपल्या भोवतालून पांगून गेले असते. सर्वश्रेष्ठ शिक्षकाबाबतही जर हे खरे, तर पंचवीस मुलांचा मकतब चालविणाऱ्या आपल्यासारख्यांचे काय?

'सहीह मुस्लिम'मध्ये हजरत मुआविया बिन हकम सुलमी (रजि.) यांची हकीकत आली आहे. तिचा पूर्वार्ध अनेकांना ठाऊक असतो. उत्तरार्ध क्वचितच सांगितला जातो. ते नुकतेच इस्लाममध्ये आले होते. जमातीत नमाज चालू असताना कोणी शिंकले आणि यांनी सवयीप्रमाणे 'यरहमुकल्लाह' म्हटले. लोक त्यांच्याकडे रोखून पाहू लागले. तेव्हा गोंधळून त्यांनी नमाजमध्येच विचारले की, तुम्ही माझ्याकडे असे का पाहता? लोकांनी मांडीवर हात आपटून त्यांना गप्प केले. नमाज संपली. आता काय होणार, या धास्तीत ते असतील. पण ते स्वतः सांगतात की, प्रेषितांनी (सल्ल.) मला झिडकारले नाही, मारले नाही, अपशब्द बोलले नाहीत, त्यांच्याहून उत्तम शिकविणारा मी त्यापूर्वी पाहिला नाही आणि त्यानंतरही नाही. प्रेषितांनी (सल्ल.) एवढेच समजावले की, नमाजमध्ये माणसांचे बोलणे उचित नाही, ती तस्बीह, तकबीर आणि कुरआनपठण यांसाठी आहे.

आता उत्तरार्ध पाहा. त्या मृदू वागणुकीने या माणसाला कंठ फुटला. तो तेथेच बसून आपल्या शंका विचारू लागला. आमच्यातले काही लोक भविष्य सांगणाऱ्यांकडे जातात, त्याचे काय? काही लोक शकुन-अपशकुन मानतात, त्याचे काय? एकेका प्रश्नाचे उत्तर मिळत गेले. आणि शेवटी, कोणी विचारले नसतानाही, त्याने आपल्या घरातील गोष्ट सांगितली. उहुद पर्वताच्या बाजूला त्याची एक दासी बकऱ्या चारीत असे. एके दिवशी लांडग्याने एक बकरी नेली, आणि रागाच्या भरात त्याने त्या मुलीला थप्पड मारली. नमाजमधील चूक अत्यंत सौम्यपणे सुधारणाऱ्या प्रेषितांनी (सल्ल.) ही गोष्ट मात्र फार गंभीर मानली, इतकी की, तिला मुक्त करू का, असे त्याने स्वतःच विचारले, आणि ती मुलगी मुक्त झाली.

एकाच हदीसमध्ये या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या आहेत. अज्ञानामुळे झालेल्या चुकीबाबत ममता, आणि हाताखालच्या दुर्बळ व्यक्तीवर उचललेल्या हाताबाबत तितकीच तीव्र नापसंती. 'ममता म्हणजे शिस्तीचा अभाव' असे ज्यांना वाटते त्यांनी ही हदीस पुन्हा वाचावी. येथे चूक दुर्लक्षिली गेलेली नाही. ती स्पष्ट शब्दांत सांगितली गेली. फक्त ती सांगताना माणसाला तोडले गेले नाही. आणि त्या माणसाने आपला अपराध आपणहून सांगितला, तो धाकाने नव्हे. आपल्या शाळांमध्ये मुले कोणत्या गोष्टी आपणहून सांगतात, हा त्या शाळेच्या वातावरणाचा पुरेसा विश्वासार्ह निकष ठरावा. मोठ्या मुलांनी छळले, कोणी नको तिथे हात लावला, फळ्यावरचे दिसत नाही, घरी आई आजारी आहे, हे ज्या वर्गात सांगता येत नाही तो वर्ग कितीही शांत असला तरी त्या शांततेचे कौतुक करू नये.

यावर एक आक्षेप हमखास येतो, आणि तो टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. मुलांना सातव्या वर्षी नमाजचा आदेश द्यावा आणि दहाव्या वर्षी ती न पढल्यास मारावे, या आशयाची हदीस 'अबू दाऊद'मध्ये आहे. तिच्या आधारे छडीचे समर्थन केले जाते. परंतु ती काय सांगते ते नीट पाहिले पाहिजे. सातव्यापासून दहाव्या वर्षापर्यंत तीन वर्षे, दिवसातून पाच वेळा, म्हणजे पाच हजारांहून अधिक वेळा प्रेमाने सांगून झाल्यानंतरचा तो टप्पा आहे. तो नमाजसारख्या स्तंभाविषयी आहे. मखरज चुकले, वही राहिली, टोपी विसरली यांविषयी नाही. आणि फुकहांनी त्याला ज्या मर्यादा घातल्या त्या तर आपण वाचतच नाही. 'दुर्रुल मुख्तार' आणि त्यावरील इब्ने आबिदीन शामी (रह.) यांचे भाष्य 'रद्दुल मुहतार' हे हनफी फिक्हचे प्रमाण ग्रंथ. त्यांत म्हटले आहे की हे ताडन हाताने असावे, काठीने नव्हे. ते तीनच्या पुढे जाऊ नये. आणि शिक्षकालाही ही मर्यादा ओलांडता येणार नाही. कोकणातील आपल्या शाफई बांधवांसाठी इज्जुद्दीन बिन अब्दुस्सलाम (रह.) यांचे विवेचन तर निर्णायक आहे. मूल सक्त मारावाचून सुधारत नसेल तर काय करावे, असा प्रश्न घेऊन ते म्हणतात की सक्त मार तर वैध नाहीच, पण अशा स्थितीत हलका मारही वैध राहत नाही. कारण मार ही मुळात वाईटच गोष्ट आहे. सुधारणेचे साधन म्हणून तिला तेवढी सवलत होती, आणि सुधारणा होत नसेल तर सवलतही संपली. आज ज्या छडीला आपण परंपरा म्हणतो ती या ग्रंथांच्या कसोटीवर उतरत नाही. ती दुसरीकडूनच कुठून तरी आपल्याकडे आली आहे.

देशाच्या कायद्याचेही एक वाक्य येथे सांगितले पाहिजे. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७व्या कलमाने शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंना मनाई केली. २०१२च्या दुरुस्तीने मदरसे, वैदिक पाठशाळा आणि मुख्यतः धार्मिक शिक्षण देणाऱ्या संस्था यांना त्या कायद्यातून वगळण्यात आले. धार्मिक शिक्षणाची स्वायत्तता राहावी, हा त्यामागील विचार स्वागतार्हच होय. परंतु काहींनी त्याचा अर्थ 'आपल्याला मोकळीक आहे' असा घेतला. मुलांवरील क्रौर्याबाबतचे इतर कायदे मदरशाच्या उंबरठ्यावर थांबत नाहीत, हे एक. आणि दुसरे असे की, ज्याने शिक्षण हक्क कायद्याच्या कक्षेबाहेर राहण्याचा हक्क धर्माच्या नावाने घेतला त्याने धर्माची मर्यादा अधिक काटेकोरपणे पाळायला नको का?

आतापर्यंत एका शिक्षकाच्या हाताविषयी बोललो. परंतु शाळेचे वातावरण एका भल्या शिक्षकाने घडत नाही. एक वर्ग मायेचा आणि शेजारचा दहशतीचा असेल, तर मूल दिवसाचे दोन तास सुखी आणि चार तास भेदरलेले राहते. वातावरण घडते ते काय झाल्यावर काय करायचे, याची सर्वांना सारखी सवय लागल्याने. मस्जिदे नबवीमध्ये एका खेडूत अरबाने लघवी केली, ती प्रसिद्ध घटना या दृष्टीने पाहावी. सहाबा त्याला अडविण्यासाठी धावले. प्रेषितांनी (सल्ल.) प्रथम त्यांना थांबविले, त्याचे होऊ द्या, म्हणाले. मग त्या माणसाला जवळ बोलावून मशीद कशासाठी असते ते सांगितले. त्यानंतर त्या जागेवर पाण्याची बादली ओतविली. आधी गर्दीला आवर, मग शिकवण, आणि शेवटी झालेल्या गोष्टीची निरवानिरव. हा क्रम महत्त्वाचा आहे.

पहिलीतल्या एखाद्या मुलाने वर्गात कपडे ओले केले तर आपल्याकडे बहुधा हा क्रम उलटा होतो. आधी प्रवचन, मग वर्गाचे हसणे, आणि सफाईसाठी त्याच मुलाच्या आईला फोन. ते मूल महिनाभर शाळेत येताना पोट दुखते म्हणते. ज्या शाळेत कपाटात दोन जोड स्वच्छ कपडे ठेवलेले असतात, मावशींना काय करायचे ते ठाऊक असते आणि हसणाऱ्या मुलांना नजरेने थांबविले जाते, त्या शाळेत हीच घटना पाच मिनिटांत संपते आणि कोणाच्या लक्षातही राहत नाही.

टोपणनावांचेही तसेच. सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टिंगल करण्यास आणि वाईट नावांनी हाक मारण्यास स्पष्ट मनाई आहे. आपल्या मुलाला बाहेरच्या शाळेत त्याच्या धर्मावरून कोणी टोमणा मारला तर आपले काळीज विदीर्ण होते, आणि ते व्हायलाच हवे. पण आपल्याच मकतबमध्ये 'काल्या', 'तोतऱ्या', 'ढ' या हाका रोज ऐकू येतात, त्या वेळी ही आयत आपल्याला आठवत नाही. ही नावे बहुतेकदा मुले शोधीत नाहीत. मोठ्यांपैकी कोणी तरी गमतीने एकदा उच्चारतो आणि ते नाव मुलाला शाळा सुटेपर्यंत चिकटते.

ममतेचा आणखी एक पैलू आहे, त्याकडे चांगल्या शिक्षकांचेही दुर्लक्ष होते. तो म्हणजे लक्ष कोणाकडे द्यायचे. सूरह अबसची पार्श्वभूमी वाचकांना ठाऊक आहे. प्रेषित (सल्ल.) कुरैशच्या प्रतिष्ठितांशी बोलण्यात गुंतलेले असताना अंध सहाबी हजरत अब्दुल्लाह इब्ने उम्मे मक्तूम (रजि.) काही विचारण्यासाठी आले. त्या व्यत्ययाने कपाळावर आठी पडली. हेतू थोरच होता. त्या सरदारांनी सत्य स्वीकारावे अशी तळमळ होती. तरीही वह्य आली, आणि जो स्वतः धावत शिकायला आला त्याच्याकडे पाठ का, याची जाणीव करून दिली गेली. विशेष हे की, जो अंध होता त्याला ती आठी दिसलीही नव्हती; तरी तिची नोंद कयामतपर्यंत पठण होणाऱ्या ग्रंथात झाली. आपल्या वर्गात पुढच्या रांगेत कोण बसते? ट्रस्टींचा नातू, हुशार मुलगी, स्पर्धेत ढाल आणणारा मुलगा. मागे भिंतीला टेकून बसलेल्या, तीन महिने कायद्याच्या एकाच पानावर असलेल्या मुलाने प्रश्न विचारण्यासाठी हात वर केला, तर आपल्या कपाळावर काय उमटते ते त्याला मात्र चांगले दिसते.

इमाम गजाली (रह.) यांनी 'इह्या उलूमुद्दीन'मध्ये शिक्षकाची कर्तव्ये सांगताना पहिले कर्तव्य म्हणून विद्यार्थ्यांवर स्वतःच्या मुलांप्रमाणे माया करणे, हेच सांगितले. चूक दाखवायची ती शक्यतो सूचकपणे, उघड खरडपट्टी काढून नव्हे. कारण भर वर्गात एकदा लाज गेली की मुलाला पुढे कशाचेच भय उरत नाही, हे त्यांचे मानसशास्त्र आजही अचूक आहे. त्याच ग्रंथात दुसरीकडे त्यांनी लिहिले आहे की मकतबमधून सुटल्यावर मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा. खेळ बंद करून सतत शिकण्यास जुंपल्याने त्याचे हृदय मरते आणि बुद्धी बोथट होते. नऊशे वर्षांपूर्वी हे लिहिताना त्यांना आपल्या मुलांचे वेळापत्रक दिसले असावे, असे वाटते. सकाळी सातला शाळा, दुपारी शिकवणी, असरनंतर मकतब, मगरिबनंतर गृहपाठ. असरच्या वेळी पेंगणाऱ्या मुलाला आपण आळशी म्हणतो. तो थकलेला असतो. अशा मुलांसाठी मकतबची पहिली दहा मिनिटे पाणी, खजूर आणि गप्पा यांत गेली तर सबक बुडत नाही, उलट होतो.

मराठी वाचकाला या संदर्भात साने गुरुजी आठवल्यावाचून राहणार नाहीत. १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकविताना त्यांनी वसतिगृहातील मुलांना आईची माया दिली. पुढे त्यांनीच 'इस्लामी संस्कृती' हे पुस्तक लिहून प्रेषितांचे (सल्ल.) जीवन आत्मीयतेने मराठीत आणले. हा योगायोग असेल, पण मला तो तसा वाटत नाही.

शेवटी शिक्षकाच्या स्थितीविषयी दोन शब्द. हे वाचून काही विश्वस्तांच्या भुवया उंचावतील, त्याला इलाज नाही. ज्या उस्तादाचा पगार दोन महिने थकलेला आहे, ज्याला जुम्याच्या दिवशी चार लोकांसमोर "तुम्हाला कळत नाही का" असे ऐकविले जाते, ज्याची सुट्टी उपकार म्हणून मंजूर होते, त्याच्याकडून आपण पंचवीस मुलांसाठी अथांग धीर मागतो. वरून आलेला अपमान पुष्कळदा खाली वाटला जातो. त्यामुळे मुलावर उचललेला हात क्षम्य ठरत नाही; हिशेब ज्याचा त्याला द्यावाच लागेल. परंतु त्या हिशेबाच्या वहीत वरच्या लोकांचीही पाने आहेत. प्रत्येक जण रखवालदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या रखवालीतील जिवांविषयी विचारले जाणार आहे, ही हदीस आपण पालकांना ऐकवतो. मशिदीच्या आणि शाळांच्या कार्यकारिणींनाही ती लागू आहे. मकतबचा विषय निघाला की बैठकीत छत, पंखे आणि वर्गणी यांवर तासभर चर्चा होते. पुढच्या बैठकीत मुलांशी आपण कसे बोलतो, चूक झाली तर काय करतो आणि मुलाने तक्रार कोणाकडे करायची, हे तीन विषय पत्रिकेवर घ्यावेत. त्या दिवशी उस्तादांनाही बोलवावे, आणि बसायला खुर्ची द्यावी.